घाटात वाफ का संपते? सेटल–कार्लाइलवर अडणाऱ्या इंजिनाचं निदान

उत्तर इंग्लंडमधल्या सेटल–कार्लाइल मार्गावर सेटल सोडताना सगळं झकास असतं. बॉयलरचा दाब चौरस इंचाला २२५ पौंडांवर, सेफ्टी व्हॉल्व्ह फुरफुरतोय, पाण्याची काच भरलेली, मागे नऊ-दहा डबे. हॉर्टन येईपर्यंत काटा १९० वर उतरतो. रिबलहेडचा चोवीस कमानींचा पूल दिसू लागतो तेव्हा १५०, आणि ब्ली मूरच्या बोगद्याच्या अलीकडे गाडी माणसाच्या चालीनं सरकत सरकत उभीच राहते. पुन्हा हलवायला जावं तर चाकं जागच्या जागी फिरतात.

ओपन रेल्स या ट्रेन सिम्युलेटरमध्ये ब्रिटिश वाफेच्या गाड्या चालवणाऱ्याला हा प्रसंग कधी ना कधी गाठतोच, आणि एकदा गाठून सोडत नाही. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे इंजिनाची फाईल उघडा आणि बॉयलरचे आकडे वाढवा. गाडी चढते, यात वाद नाही. पण मग ते ब्लॅक फाइव्हसारखं खरंखुरं इंजिन राहत नाही. अकरा डबे घेऊन ताशी पन्नास मैलांनी डोंगर चढणारं काहीतरी भलतंच तयार होतं, आणि १९५० सालचं वेळापत्रक समोर ठेवून गाडी चालवण्यातली सगळी गंमत तिथेच जाते. फाईलमध्ये दोष असू शकतो, आणि त्याकडे मी येणार आहे, पण ती तपासणी शेवटची. आधी बघायचं ते एवढंच की काटे कोणत्या क्रमानं पडले. दाब, पाणी, आग, वेग या चारांपैकी आधी कोण घसरलं यावरून दोष बहुतेक वेळा लगेच सापडतो. आणि तो दोष गाडी थांबली तिथे झालेला नसतो, त्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी झालेला असतो.

आधी थोडा हिशोब

सेटल जंक्शनपासून ब्ली मूरपर्यंतचा चढ सुमारे पंधरा मैलांचा. रेल्वेवाले त्याला 'लाँग ड्रॅग' म्हणत. मिडलंड रेल्वेनं १८७६ साली हा मार्ग प्रवाशांसाठी खुला केला तो स्कॉटलंडला जाणाऱ्या जलद गाड्या डोळ्यांपुढे ठेवून, त्यामुळे वळणं सौम्य आहेत आणि चढ साधारण १०० ला १ च्या वर जात नाही. सिम्युलेटरमध्ये हा चढ 'एक टक्का' असा दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. भोर घाटातला ३७ ला १ ऐकून मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना तर तो सपाटच वाटतो. पण इथला त्रास तीव्रतेचा नाही, लांबीचा आहे. ताशी ३० मैल धरले तरी इंजिनाला अर्धा तास सलग ओढायचं आहे, मध्ये दम खायला जागा नाही. बॉयलरमध्ये आधीपासून साठलेली वाफ अशा ओढीला काही मिनिटंच पुरते. त्यानंतर आग जेवढी वाफ करील तेवढीच खर्चायची.

एलएमएस (लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश) या रेल्वे कंपनीचं ब्लॅक फाइव्ह घेऊ, कारण ते बहुतेकांच्या संग्रहात असतंच. या वर्गाची ८४२ इंजिनं बांधली गेली. दोन सिलिंडर, साडेअठरा इंच व्यासाचे आणि २८ इंच स्ट्रोकचे. ओढणारी चाकं सहा फुटी. दाब २२५ पौंड. फायरबॉक्सच्या जाळीचं क्षेत्रफळ बहुतेक इंजिनांत २८.६५ चौरस फूट. मागे ३०० टनांची गाडी लावली आणि इंजिनाचे आणि त्याच्या कोळसा-पाण्याच्या टेंडरचे १२६ टन धरले तर एकूण ४२६ टन. १०० ला १ च्या चढावर दर टनामागे २२.४ पौंड नुसते गुरुत्वाकर्षणापायी लागतात, म्हणजे साधारण ९,५०० पौंड. त्यात चाकांचं घर्षण आणि वारा मिळवा, की आपण १३,००० च्या आसपास पोचतो.

या इंजिनाची कागदावरची ओढ २५,४५५ पौंड आहे. ते बघून वाटतं, अर्धी ताकद तर शिल्लक आहे! इथेच फसगत होते. तो आकडा गाडी जागची हलवण्यापुरता आहे. धावताना प्रश्न ताकदीचा नसून वाफेचा असतो. १३,००० पौंड ओढ ताशी ३० मैलांनी म्हणजे हजाराहून अधिक अश्वशक्ती, आणि ती अर्धा तास सलग.

आता त्याच वेगाला सिलिंडर किती वाफ गिळतात ते बघा. ताशी ३० मैलांना सहा फुटी चाक मिनिटाला सुमारे १४० फेरे घेतं. कट-ऑफ, म्हणजे पिस्टनच्या प्रत्येक स्ट्रोकच्या किती भागापर्यंत सिलिंडरमध्ये वाफ सोडायची ते प्रमाण, ३३ टक्के असेल तर तासाला ढोबळमानानं १७,००० पौंड वाफ जाते. तो ६६ टक्क्यांवर ठेवला तर दुप्पट, म्हणजे ३४,००० पौंड. एक पौंड कोळशातून सात-साडेसात पौंड वाफ निघते असं धरलं तर पहिल्या हिशोबात तासाला साधारण २,३०० पौंड कोळसा लागतो आणि दुसऱ्यात साडेचार हजारांच्या वर. ब्रिटिश रेल्वेच्या चाचण्यांमध्ये एका फायरमनची सततची मर्यादा तासाला ३,००० पौंड धरत. म्हणजे ६६ टक्क्यांवर चढणारं इंजिन कुठलाच फायरमन जगवू शकत नाही, सिम्युलेटरमधलाही नाही.

एवढा हिशोब डोक्यात असला की बाकीचं निदान सोपं जातं.

दाब टिकलाय, वेग मात्र पडतोय

हा प्रकार वाफेचा नाहीच, तरी लोक याला वाफेच्या खात्यात टाकतात. एफ५ दाबून एचयूडी (पडद्यावर आकडे दाखवणारा तक्ता) उघडा आणि शिफ्टसह तेच बटण दाबत ब्रेकच्या पानावर जा. कुठल्या तरी डब्याचा ब्रेक किंचित लागलेला असतो, आणि तो तसाच पंधरा मैल ओढला जातो.

ब्रिटिश गाड्यांमध्ये हे व्हॅक्यूम ब्रेकमुळे होतं आणि त्यामागे खराखुरा इतिहास आहे. नळीत व्हॅक्यूम असेपर्यंत हे ब्रेक सुटलेले राहतात; बहुतेक कंपन्या ब्रेकच्या नळीत २१ इंच व्हॅक्यूम ठेवत. ग्रेट वेस्टर्न मात्र २५ इंच. ग्रेट वेस्टर्नचं इंजिन काढून दुसऱ्या कंपनीचं लावलं की नवं इंजिन २१ च्या वर जाऊ शकत नसे, आणि डब्यांच्या सिलिंडरमध्ये आधीचे २५ अडकून राहिल्यानं ब्रेक पूर्ण सुटत नसत. मग माणूस गाडीच्या कडेनं चालत जाऊन एकेका डब्याची दोरी ओढून व्हॅक्यूम मोडत असे. तुमच्या कन्सिस्टमध्ये (इंजिन-डब्यांच्या जुळणीत) ग्रेट वेस्टर्नचे डबे आणि एलएमएसचं इंजिन अशी खिचडी असेल तर आधी तिथे बघा. एअर ब्रेकच्या माहितीसह आलेला एखादा डबा मध्येच घुसलेला असला तरी असंच होतं.

शिवाय नळीतली हवा ओढून व्हॅक्यूम तयार करणारा इजेक्टर वाफेवर चालतो. दाब फार खाली गेला की तो पुरेसं व्हॅक्यूम धरून ठेवू शकत नाही, ब्रेक हळूहळू लागू लागतात आणि आधीच दमलेलं इंजिन आणखी अडतं. म्हणजे एका दोषातून दुसरा. म्हणूनच गाडी थांबल्यावरचे आकडे बघून निदान करू नये, क्रम बघावा.

ब्रेक मोकळे असतील तर चाकं घसरताहेत का ते बघा. पावसात किंवा बोगद्यात रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप) थोडा मिटून वाळू सोडायची, घसरण थांबली की पुन्हा उघडायचा. रेग्युलेटर पूर्ण उघडा ठेवून नुसती वाळू ओतत राहणं म्हणजे वाळू फुकट घालवणं.

काचेतलं पाणी वर, दाब खाली

माझ्या मते सर्वाधिक गाड्या अडतात त्या इथे. चढाला लागल्यावर पाणी थोडं कमी दिसतं, माणूस घाबरतो आणि बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे दोन्ही इंजेक्टर एकदम उघडतो. काच भरते, मन शांत होतं, आणि तीन-चार मिनिटांत दाब तीस पौंडांनी उतरतो. उकळत्या आधणात गार पाण्याचा तांब्या ओतला की उकळी बसते, तसंच हे. फरक इतकाच की इथे त्याच क्षणी खालून पूर्ण ताकदीनं वाफ ओढली जात असते.

पाणी घालायची जागा चढावर नाही, चढाच्या आधी आहे. सेटल जंक्शनकडे येणारा रस्ता काहीसा उताराचा आहे. तिथे रेग्युलेटर मिटलेला असताना आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडायच्या बेतात असताना इंजेक्टर लावा. वाया जाणारी वाफ अशी पाण्यात मुरवता येते. चढाला काच जवळजवळ भरलेली असावी. जवळजवळ म्हणतोय, कारण फार भरली तर पाणीच सिलिंडरकडे ओढलं जातं. ओपन रेल्स त्याला प्रायमिंग म्हणून संदेश देतं आणि ताकद घसरते.

चढावर मग एकच इंजेक्टर, तोही पाणी आवळून, खर्चाच्या थोडंसं खाली. पातळी हळूहळू उतरू द्यायची. भरलेल्या काचेनं निघून अर्ध्या काचेनं ब्ली मूरला पोचणं हा ढिसाळपणा नाही. ती गरम पाण्याची साठवण आहे आणि ती अशाच वेळी वापरायची असते. जाणकार ड्रायव्हर-फायरमन मुद्दाम तसंच करत. बोगद्यापलीकडे डेंट, गार्सडेल करत एस गिलपर्यंत सुमारे दहा मैल रस्ता जवळपास सपाट आहे. तिथे उधारी फेडायची. घाई करून ब्ली मूरच्या आतच फेडायला गेलात तर बोगद्यात अडाल, आणि तो २,६२९ यार्डांचा आहे.

एक मात्र सांभाळा. धुराडं चढाकडे असताना बॉयलरमधलं पाणी मागे, म्हणजे कॅबकडे सरकलेलं असतं, त्यामुळे काच खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. माथा ओलांडून उतार लागला की तेच पाणी पुढे धावतं आणि फायरबॉक्सचं छत उघडं पडू शकतं. त्या छतात शिशाची भर असलेला प्लग बसवलेला असतो. पाणी खाली गेलं की शिसं वितळतं आणि वाफ आगीवर येते. ओपन रेल्समध्येही पाणी फार उतरलं की प्लग वितळल्याचा संदेश येतो आणि इंजिन बाद होतं. एस गिलच्या माथ्यावर, म्हणजे ११६९ फुटांवर, पाव काच घेऊन पोचू नका.

दाब आणि पाणी दोन्ही एकदम खाली

हे सगळ्यांत सोपं निदान: खर्च उत्पन्नापेक्षा जास्त. एचयूडीवर वाफेचा खर्च आणि बॉयलरचं उत्पादन दोन्ही दिसतात. खर्च सतत वर राहिला तर गाडी कुठे थांबेल ते तुम्ही हॉर्टनलाच सांगू शकता.

डिझेल किंवा विजेच्या इंजिनावर शिकलेल्या हातांना इथे जास्त त्रास होतो, कारण तिथे एकच लिव्हर. वेग पडला की तो पुढे ढकलायचा. वाफेच्या इंजिनावर तीच सवय कट-ऑफ ठरवणाऱ्या रिव्हर्सरवर निघते: वेग पडला, कट-ऑफ वाढवा, आणखी पडला, आणखी वाढवा. पहिली दोन मिनिटं गाडी खरंच जोर धरते, कारण साठलेली वाफ वापरली जाते. मग दाब उतरतो, प्रत्येक स्ट्रोकची ताकद कमी होते, म्हणून कट-ऑफ पुन्हा वाढवला जातो, आणि हे चक्र गाडी थांबेपर्यंत चालतं.

योग्य क्रम असा: सुटताना ७५ टक्के, ताशी दहा-पंधरा मैलांना ४० पर्यंत खाली, पंचविसाच्या पुढे ३० ते ३५. रेग्युलेटर बऱ्यापैकी उघडा. चढावर वेग ३५ वरून २८ वर आला तर येऊ द्या, त्या काळात गाड्या याच वेगानं चढत. वेग वाचवायला जाऊन वाफ घालवली तर दोन्ही जातात. तुमचं लक्ष वेगाच्या काट्यावर नको, दाबाच्या काट्यावर हवं. दाब २०० च्या वर स्थिर असेल तर कट-ऑफ पाच टक्क्यांनी वाढवून पाच मिनिटं थांबा. उतरायला लागला तर लगेच मागे घ्या.

मिडलंडच्या जुन्या, सुपरहीटर (वाफ आणखी तापवून कोरडी करणारी रचना) नसलेल्या इंजिनांना हा नियम तंतोतंत लागू होत नाही. तिथे वाफ ओली असते, सिलिंडरमध्ये थंड होऊन पाणी होते, आणि फार कमी कट-ऑफ ठेवल्यानं म्हणावी तशी बचत होत नाही. अशा इंजिनांवर रेग्युलेटर अर्धवट आणि कट-ऑफ थोडा जास्त असंच चालवलेलं बरं.

खर्च बेताचा, तरी दाब चढत नाही

आता संशय आगीवर. सेटलला निघण्याच्या क्षणी फावडी मारायला सुरुवात केली तर तो कोळसा पेटून पूर्ण उष्णता देईपर्यंत तुम्ही चढाच्या मधोमध असता. उलट, भीतीपोटी एकदम खूप कोळसा टाकला तर हवा वर येत नाही, धूर काळा होतो आणि तापमान उतरतं. थोडा थोडा आणि वारंवार, हेच खरं. एचयूडीवर आगीचं वस्तुमान दिसतं. ते चढाच्या आधी आदर्श आकड्याच्या किंचित वर न्या, चढावर तिथेच राखा. आगीखालून हवा सोडणारे डँपर चढावर उघडे, फायरबॉक्सचं दार फावडं मारण्यापुरतंच उघडं. दार उघडं विसरलं की थंड हवा नळ्यांमधून जाते आणि दाब का उतरतोय ते कळत नाही. धुराड्यात वाफेचा झोत सोडून हवा ओढणारा ब्लोअर रेग्युलेटर मिटताना लावायचा. धावताना सिलिंडरमधून सुटणारी वाफच धुराड्यातून हवा ओढत असते, तिथे ब्लोअर म्हणजे फुकटचा खर्च.

फायरमन संगणकावर सोपवला असेल तर त्याच्या स्वभावाची कल्पना असू द्या. तो समोरचा चढ बघत नाही. आत्ताची गरज बघून कोळसा टाकतो आणि पाणी ठरावीक पातळीखाली गेलं की इंजेक्टर उघडतो. त्यामुळे लाँग ड्रॅगसारख्या ठिकाणी तो कायम एक पाऊल मागे असतो. त्याला आधीच आग वाढवायला सांगणारी आज्ञा ओपन रेल्समध्ये आहे, एफ१ दाबल्यावर येणाऱ्या बटणांच्या यादीत ती सापडेल. सेटलच्या चार-पाच मैल अलीकडे ती द्या. तरीही इंजेक्टर त्याच्याच मनानं चालणार. मला विचाराल तर या मार्गावर कंट्रोल-एफ दाबून फावडं आपल्या हातात घेतलेलं बरं. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत हात भरून येतात, पण नंतर या छंदातला सगळ्यांत रंगणारा भाग हाच असतो. ट्रेन सिम्युलेटर क्लासिक या दुसऱ्या सिम्युलेटरमध्येही फायरमन आपोआप ठेवायचा की नाही हे सेटिंगमध्ये ठरवता येतं आणि वरचं निदान तिथेही जसंच्या तसं चालतं.

हे सगळं नीट असूनही

आता फाईल. तीही सरळ उघडून आकडे वाढवण्यासाठी नाही, तपासण्यासाठी. गाडी न जोडता इंजिन सपाट रुळावर उभं करा. आग आदर्श, रेग्युलेटर बंद, इंजेक्टर बंद, ब्लोअर चालू. दाब चढत चढत सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला पाहिजे. नाही उडाला तर दोष चालवण्यात नाही, फाईलमध्ये आहे. उडाला तर फाईल बंद करा आणि पुन्हा वरून वाचा.

मायक्रोसॉफ्टचं ट्रेन सिम्युलेटर २००१ साली आलं. त्या काळच्या इंजिन-फायलींमधले वाफेचे आकडे बऱ्याचदा अंदाजपंचे आहेत, कारण त्या सॉफ्टवेअरचं वाफेचं गणितच ढोबळ होतं. इंजिन पळालं की झालं, असा हिशोब. ओपन रेल्स त्याच फायली वाचतं पण गणित खरं करतं, आणि मग दोष उघडे पडतात. बघायच्या गोष्टी मोजक्या: सिलिंडरांची संख्या, व्यास, स्ट्रोक, चाकाचा व्यास, जाळीचं क्षेत्रफळ, बाष्पीभवनाचं क्षेत्रफळ, बॉयलर साधा की सुपरहीटरचा. शेवटची नोंद चुकली तर मोठा फरक पडतो. सुपरहीटरमुळे कोळशात पाचव्या ते चौथ्या हिश्शाची बचत होत असे. ब्लॅक फाइव्हची नोंद साध्या बॉयलरची असेल तर ते चढावर दमणारच. दुसरी नेहमीची चूक एककांची: चौरस फुटांचा आकडा आहे, पण पुढे एकक लिहिलेलंच नाही किंवा भलतंच लिहिलंय. फाईलमधल्या सिलिंडर-चाकांवरून ओढ काढून बघा: दाबाचे ८५ टक्के, गुणिले व्यासाचा वर्ग, गुणिले स्ट्रोक, भागिले चाकाचा व्यास, सगळं इंचांत. दोन सिलिंडरांसाठी हे सूत्र जसंच्या तसं चालतं, तीन असतील तर दीडपट. ब्लॅक फाइव्हला उत्तर २५,४५५ यायला हवं.

मूळ फाईलला हात लावू नका. त्या इंजिनाच्या फोल्डरमध्ये 'ओपनरेल्स' नावाचं उपफोल्डर करा, त्यात त्याच नावाची फाईल ठेवा, पहिली ओळ कोरी, मग मूळ फाईल समाविष्ट करणारी ओळ, आणि खाली फक्त बदललेले आकडे. बिघडलं तर उपफोल्डर काढून टाकलं की झालं. फोल्डरचं नाव अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि जोडून.

डब्यांच्याही फायली बघा. जुन्या डब्यांमध्ये घर्षणाचे आकडे अवाच्या सवा असतात. दहा डब्यांचं वजन ३५० टन, पण ओढायला ५०० टनांसारखे जड, असा प्रकार त्यातूनच होतो. ब्रिटिश रेल्वेचा मार्क १ डबा साधारण ३३ ते ३६ टनांचा असतो. त्यापेक्षा फार वेगळं काही दिसलं तर संशय घ्या. आणि हे डबे १९५१ पासूनचे आहेत, त्यामुळे १९३० च्या दशकातल्या गाडीला ते लावून वर वाफ कमी पडते म्हणून तक्रार करणं दोन्ही अंगांनी चुकीचं.

कधी कधी अडणंच खरं असतं

सगळं तपासलं, काही सापडलं नाही, तरी गाडी अडते. मग गाडीचं वजन बघा, कारण कदाचित सिम्युलेटर बरोबर सांगतोय.

२ सप्टेंबर १९१३ च्या पहाटे याच मार्गावर, कार्लाइलहून दक्षिणेकडे येणारी एक गाडी एस गिलच्या माथ्याच्या साधारण अर्धा मैल अलीकडे थांबली. इंजिनाला ठरवून दिलेली मर्यादा २३० टन होती, मागे २४३ टन होते. ड्रायव्हरनं कार्लाइलला मदतीचं इंजिन मागितलं, ते मिळालं नाही. कोळसा बारीक, भुकटी मिसळलेला. दाब उतरत गेला आणि गाडी उभी राहिली. मागून दुसरी गाडी येत होती. तिच्या इंजिनावर ड्रायव्हर धावत्या इंजिनाच्या बाहेर जाऊन तेल घालून आला आणि त्यानंतर ड्रायव्हर-फायरमन दोघेही न चालणाऱ्या इंजेक्टरशी झगडत राहिले. मॅलरस्टँगचे धोक्याचे सिग्नल त्यांच्या नजरेतून सुटले. टक्कर झाली आणि १६ माणसं गेली.

टक्कर सिम्युलेटरमध्ये उभी करण्यात मला तरी रस नाही. पण पहिल्या गाडीची ती चढण जरूर चालवून बघा, निदानासाठी तिच्याइतका चांगला धडा नाही. मिडलंडचं ४-४-० (पुढे चार लहान आणि मागे चार ओढणारी चाकं) इंजिन, २४३ टन, आणि इंजिनाच्या उपफोल्डरमध्ये कोळशाचं उष्मांक मूल्य दहा-पंधरा टक्क्यांनी कमी. चांगला कोळसा पौंडाला १३,७०० बीटीयूच्या (उष्णतेचं ब्रिटिश एकक) आसपास धरतात, तो १२,००० वर आणा. ॲपलबीपर्यंत काही जाणवत नाही. कर्बी स्टीफननंतर काटा पडू लागतो आणि कितीही नीट चालवा, वरचे सगळे नियम पाळा, माथा गाठणं कठीण होतं. मर्यादेपेक्षा तेरा टन जास्त म्हणजे डब्याचा एक तुकडासुद्धा नाही, पण चांगल्या कोळशासोबत जे निभावलं असतं ते वाईट कोळशासोबत निभत नाही. मिडलंडनं लहान इंजिनांचं धोरण धरून ठेवलं होतं आणि त्यावर उपाय म्हणून दोन इंजिनं जोडत. दुसरं इंजिन मिळालं नाही की काय होतं ते इथे दिसतं.

म्हणून कन्सिस्ट बनवताना इंजिनाचा वर्ग आणि गाडीचं वजन यांचा मेळ त्या काळातल्या सवयीशी घाला. मोठी गाडी हवी असेल तर दोन इंजिनं लावणं हे खोटं खेळणं नाही, उलट तेच अस्सल. दुसऱ्या एका इंग्लिश मार्गावरच्या शॅपच्या चढावर टेबेपासून चार मैल ७५ ला १ चा चढ आहे, तिथे मागून ढकलायला टेबेला इंजिनं तयार उभी असत. लिकीच्या चढावर ब्रॉम्सग्रोव्ह ते ब्लॅकवेल दोन मैल ३७.७ ला १, म्हणजे जवळपास आपल्या भोर घाटाइतकाच तीव्र, आणि कर्जतला लागतात तसेच तिथेही बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं, लागत. त्या कामासाठी १९१९ साली डर्बीला मुद्दाम दहा चाकी ओढीचं एक इंजिन बांधलं, लोक त्याला 'बिग बर्था' म्हणत, आणि ते १९५६ पर्यंत ढकलत राहिलं.

बँकर लावल्यावर येणारी अडचण वेगळी असते. एकाच कन्सिस्टमधली दोन वाफेची इंजिनं ओपन रेल्समध्ये पुढच्याच्या रेग्युलेटर-रिव्हर्सरनं चालतात. पुढे मोठ्या बॉयलरचं जुबिली वर्गाचं इंजिन आणि मागे लहान टँक इंजिन असेल तर जुबिलीला मानवणारा कट-ऑफ टँक इंजिनाचा दाब खाली आणतो, आणि तुम्ही पुढच्या कॅबमधले काटे बघत बसल्यानं ते तुम्हाला दिसतच नाही. दोन्ही इंजिनं शक्यतो एकाच ताकदीची ठेवा, नाहीतर कट-ऑफ लहान इंजिनाला झेपेल तेवढाच द्या. माथ्यावर थांबून एफ९ च्या पट्टीतून मागचं इंजिन सोडवा, ब्रेकच्या पानावर व्हॅक्यूम पुन्हा २१ झालंय याची खात्री करा, आणि मगच उताराला लागा.